वहिनी, तुझे गुडघे दुखत नव्हते

वहिनी,

जुन्या बाजारातला करीमचाचा सांगतो, तू त्याच्या दुकानात पाणी मागितलंस. तो लोटा भरून आणेपर्यंत तू गोणपाटाच्या गठ्ठ्याला टेकली होतीस. ओच्यात बांगड्यांच्या काचा, डोळे मिटलेले. त्याला वाटलं, चोपड्याहून निघालेली बाई, दमली असेल, लागला असेल डोळा. त्याने लोटा तुझ्या हाताशी ठेवला आणि गिऱ्हाइकाकडे वळला. ते गिऱ्हाईक कंदिलाच्या एका काचेसाठी घासाघीस करत बसलं. ते गेल्यावर चाचा म्हणाला, "बाई, पानी पी लो." तू उठली नाहीस.

हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगून पाहतो. शब्द सगळे बरोबर येतात, पण आत काही पोचत नाही. दुसऱ्याच कुणाबद्दल ऐकतोय असं वाटतं. जळगावच्या जुन्या बाजारात एक बाई बसल्या जागी गेली. असं का? अरेरे. कुणाची कोण? आणि मग तुझ्यावर घातलेल्या पडद्याबाहेर राहिलेली तुझी पावलं दिसतात, टाचेच्या भेगांत शेतातली काळी माती बसलेली, आणि मी जिथे असेन तिथे खाली बसतो. परवा शाळेच्या पायरीवर बसलो. मुलं बघत होती.

धुळ्याला निरोप आला तो एवढाच, की तुमची वहिनी बाजारात आजारी पडली, लगेच या. मी सर्व्हिस मोटार धरली. पारोळ्याला मोटार थांबली तेव्हा उतरून मोसंबी घेतली. आजारी माणसाकडे जाताना काहीतरी न्यावं. चाचाच्या दुकानात शिरलो तेव्हा ती पिशवी हातात होती. तुझ्यावर त्याने एक पडदा घातला होता, कुठल्या तरी साहेबाच्या बंगल्यातून आलेला, निळ्या फुलांचा. मी विचारलं, "सकाळी काही खाल्लं होतं का तिने?" असं विचारलं मी, वहिनी. चाचा माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, पिशवी नीचे रखो."

ती मोसंबी अजून घरात आहेत. मार्था विचारते, टाकून देऊ का. मी नको म्हणतो. का नको ते मला सांगता येत नाही.

तुला गावी नेलं. तापीच्या काठी चुलत पुतण्याने अग्नी दिला. मला कुणी अडवलं नाही, कुणी पुढेही बोलावलं नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या दिराची जागा कुठे असते ते त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. एका बाभळीखाली उभा राहिलो. परत येताना जळगावला चाचाने तुझं बोचकं माझ्या हातात दिलं, त्या दिवशी बाजारात तू निवडलेलं सगळं त्यात होतं. आणि बोचकं देताना तो जे बोलला, त्यासाठी हे लिहितो आहे. पण ते एकदम लिहिता येत नाही. मी कमी बोलणारा माणूस. तू म्हणायचीस, "ह्या दौलतना तोंडमा शब्द शेत, पण बाहेर येवाले त्यासले दार सापडत नही." बापाने ठेवलेलं दौलत हे नाव पाद्रीसाहेबांनी बदलून दानिएल केलं. तू मात्र शेवटपर्यंत दौलतच म्हणालीस.

तू आमच्या घरात नवरी म्हणून आलीस तेव्हा मी शाळकरी पोर होतो आणि तूही फारशी मोठी नव्हतीस. आईबाप प्लेगात गेलेले. घरात सासू नाही, नणंद नाही. त्यामुळे आपल्या दोघांना रागवायला भाऊच काय तो, आणि तो दिवसभर शेतात. पाटा-वरवंट्यावर, विहिरीच्या काठावर तुझ्या बांगड्या सारख्या वाढायच्या. त्या काचा तू फेकायची नाहीस. चिमट्यात एकेक तुकडा धरून दिव्याच्या ज्योतीवर ठेवायचीस. काच लाल व्हायची, मऊ व्हायची, दोन्ही टोकं हळूच एकमेकांकडे वळायची. ती चिकटायच्या आत त्यात दुसरा तुकडा अडकवायचा. तो माझा मान. किती वेळा बोटं भाजली. हिरवी, लाल, हिरवी, लाल, अशी साखळी वाढत जायची आणि आपण ती गोठ्याच्या दारावर टांगायचो. गाय बाहेर पडताना शिंगाला लागून वाजायची.

मग तापाची साथ आली आणि भाऊ गेला. नदीवरच्या दगडावर तुझे दोन्ही हात धरून बायकांनी बांगड्या फोडल्या. मी तेव्हा धुळ्याला शिकत होतो. रात्रंदिवस चालत आलो होतो. ते मी पाहिलं. त्यानंतर तुला घरातल्या कुठल्याही शुभ कामाला हात लावता येईना. तोरण सवाष्णीने बांधायचं. पाळण्याची दोरी सवाष्णीने ओढायची. ज्या चुलत घरातल्या पोरांची हगणीमुतणी तू काढलीस, त्यांच्या लग्नात तू मागच्या अंगणात भाकरी थापायचीस. तू चिडायचीही नाहीस. मीच चिडायचो. पाद्रीसाहेबांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, की देवापुढे कुणी अशुभ नाही, तेव्हा मला येशू दिसला असं नाही म्हणणार मी. मला तू दिसलीस. मी ख्रिस्ती का झालो, असं पुढे पुष्कळांनी विचारलं. निरनिराळी उत्तरं दिली. खरं उत्तर हे.

गावाने मला टाकलं. तू नाही टाकलंस. आमच्या पहिल्याच नाताळला तू धुळ्याला दारात येऊन उभी, डोक्यावर बोचकं. माझ्या बायकोला, मार्थाला तू तोवर पाहिलंही नव्हतंस. तिला नीट न्याहाळलंस, मग दाराकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "सण शे ना तुमना? मंग दार असं भुंडं काबरं?"

मी म्हणालो, "देवळात सजावट असते, वहिनी. विलायतेहून पेटी येते. काचेचे गोळे, चांदीचा कागद. घरी कुठून आणणार?"

"घरमा देव येत नही का तुमना?"

मार्था हसली. मी तुला मिशनच्या मडमेने दिलेलं नाताळचं कार्ड दाखवलं: बर्फात बुडालेलं गाव, पांढरी छपरं, पांढरी झाडं. तू ते उजेडात धरलंस आणि तुझा चेहराच उतरला. "आवं माय! बठ्ठा कापूस वाया गया. येचाले कोनी नही का तठे?" मार्थाला हसून उचकी लागली. मी बर्फ समजावून सांगू लागलो. तू म्हणालीस, असू दे, आपल्याकडे तो आहे, आणि बोचक्यातून पेळूसाठी आणलेला कापूस काढून खिडकीच्या कडेला पसरलास. धुळ्यात त्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं आणि आमच्या खिडकीवर बर्फ पडला होता.

दुसऱ्या वर्षापासून तू जळगावला उतरून आधी जुना बाजार करायचीस. करीमचाचाचं दुकान म्हणजे चार बांबूंवर तरट. भुसावळहून बदलून गेलेल्या साहेबांच्या घरातलं मोडकंतोडकं तिथे यायचं. फुटक्या चिमण्या, बिस्किटांचे पत्र्याचे डबे, जुन्या शालूंचे जरीचे काठ, घड्याळांची चाकं, रेल्वेच्या हातकंदिलांच्या लाल-हिरव्या काचा. तू ढिगाऱ्यात हात घालून बसायचीस आणि चाचा ओरडायचा, "बाई, सोना निकला तो आधा मेरा!" तू म्हणायचीस, "सोनं तुले ठेव रे बाबा, माले हाऊ डबा दे."

डब्याचा पत्रा कातरून तू चांदणी केलीस. तिच्या पोटात हातकंदिलाची लाल काच बसवलीस, मागे पणती. जरीच्या काठांच्या झिरमिळ्या. घड्याळाच्या चाकांतून दोरा ओवून त्यांच्या भिंगऱ्या; वारा आला की फिरायच्या. सगळं केळीच्या वाळलेल्या सोपटाने बांधायचं, कारण सुतळी तुझ्या मते उधळेपणा. लढाईच्या वर्षांत विलायतेची पेटी येईनाशी झाली, बाजारात पतंगी कागदही मिळेना, तेव्हा पाळकसाहेब आमच्याकडे आले आणि तू केलेली चांदणी देवळाच्या दारावर लागली. त्या दिवशी तू देवळाबाहेर चिंचेखाली उभी राहून ती पाहत होतीस. आत ये म्हटलं तर, "इथून चांगली दिसस."

आणि तोरण. बांगड्यांच्या काचांचं तोरण. कासाराकडे हातात भरताना फुटलेल्या काचा तू मागून आणायचीस. कासार तुझ्या मोकळ्या मनगटांकडे बघायचा आणि काचा तुझ्या ओच्यात टाकायचा. मला एकदा राहवलं नाही. म्हणालो, "वहिनी, दुसरं काही कर ना. हेच कशाला?" तू ज्योतीवरची नजर न काढता म्हणालीस, "हातमा नही ते नही. तुना दारमा ते वाजतीन."

ते तोरण दर नाताळला तूच बांधायचीस. खोक्यावर चढून, सोपटाचं टोक दातात धरून. माझ्या घरी तुला कुणी मागच्या अंगणात पाठवत नव्हतं. मला त्याचा केवढा अभिमान. रविवारच्या शाळेत, उपदेशात, गावोगावच्या सभांत मी ते सांगायचो, "माझ्या घरी येऊन पाहा, आमच्या दाराला विधवेच्या हातचं तोरण असतं." लोक माना हलवायचे. मला बरं वाटायचं. तुला हे ठाऊक नव्हतं. तुझं असं उदाहरण करून मी मिरवत होतो, हे तुला आवडलं नसतं.

तू बाप्तिस्मा घे म्हणून मी तुझ्या मागे लागायचो. तो वाद आपला संपलाच नाही. तू म्हणायचीस, "तुना देव चांगला शे. त्याले मान्सं बी रग्गड शेत. मन्ही देवी एकली शे, तिले कोन देखी?" मी चिडायचो, म्हणायचो, वहिनी, हा पोरखेळ नाही. तू म्हणायचीस, "मी कोठे खेळी राहिनू? देवीले दिवा मीच लावस ना." या वर्षी काय उत्तर द्यायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. आता ते आठवतही नाही.

गेला नाताळ.

आमच्या पोरीची, रूथची मागणी नाताळच्या संध्याकाळी आमच्याच घरी व्हायची होती. भुसावळचं घर, व्याही रेल्वेत, माणसं चांगली. तू चार दिवस आधी आलीस. रूथसाठी म्हणून तोरण दुप्पट लांब केलंस, मध्ये पांढऱ्या काचांची फुलं. त्या दिवशी दुपारी तू खोक्यावर उभी होतीस. एक टोक बांधून झालं होतं, दुसरं दातात. मी आतून आलो. तुला पाहिलं आणि म्हणालो, "वहिनी, उतर. मार्था बांधेल."

दातांतलं सोपट काढून तू विचारलंस, "काबरं?"

मी म्हणालो, "तुझे गुडघे दुखतात. पडशील."

तुझे गुडघे कधी दुखले नव्हते. तू माझ्याकडे पाहिलंस. फार वेळ नाही. मग खोक्यावरून उतरलीस, ते टोक माझ्या हातात दिलंस. ते ओलं होतं. म्हणालीस, "बांधायी गयं बठ्ठं. एक गाठ ऱ्हायनी." आणि आत गेलीस. मी मार्थाला हाक मारली. तिला वाटलं, तू दमलीस. तिने गाठ मारली.

पाहुणे आले. विहीणबाई दारातच थांबल्या, मान वर करून म्हणाल्या, "अगं बाई, किती सुरेख! कुणी केलं?" तू स्वयंपाकघराच्या दारात परात घेऊन उभी होतीस. मी म्हणालो, "घरीच केलं."

एरवी तू नवं वर्ष करून जायचीस. त्या वर्षी दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालीस. कापूस वेचायचा शे, म्हणालीस.

मार्थाने नंतर विचारलं तेव्हा मी तिला सांगितलं, की विहीणबाईंच्या घरी जुन्या समजुती असतील, उगाच पोरीच्या मागणीत विघ्न नको, म्हणून सावध राहिलो. वर्षभर मी स्वतःलाही हेच सांगत आलो. वहिनी, ते खोटं आहे. भुसावळची मंडळी तेव्हा गाडीतही बसली नसतील. कुणी काही म्हणालं नव्हतं, कुणी काही विचारलं नव्हतं. भीती माझी होती.

आता त्या भीतीच्या खालचं लिहितो. रूथच्या आधी आमची दोन मुलं गेली. दोन्ही नाताळनंतरच्या उन्हाळ्यात. दोन्ही वेळा तू गावाहून धावत आलीस. धाकट्याला तर शेवटचे दोन दिवस तू मांडीवरून खाली ठेवलं नाहीस. आणि त्या दोन्ही नाताळांना तोरण तू बांधलं होतंस. तू दरवर्षीच बांधत होतीस. रूथ जन्मली, जगली, वाढली, त्या सगळ्या वर्षीही तूच बांधलंस. पण भीतीला हे दिसत नाही. तिला ती दोनच वर्षं दिसतात. देवापुढे कुणी अशुभ नाही असं मी गावोगाव सांगत हिंडत होतो, आणि माझ्या आत कुठेतरी त्या दगडावरच्या बायका बसलेल्या होत्या. त्या मागणीच्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं. तुला खोक्यावर पाहिलं आणि मनात आलं, हिच्या हातून नको. एवढंच. हिच्या हातून नको. माझी एकच पोर उरली आहे.

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात लग्न झालं, तू आली नाहीस. ताप असल्याचा निरोप आला. त्याआधी अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, मी गावी आलो होतो. तू सांजोऱ्या वाढल्यास. झाडाला झोके बांधलेले, माहेरवाशिणी गात होत्या. आपण कापसाच्या भावाबद्दल बोललो, विहिरीच्या गाळाबद्दल बोललो. निघताना उंबऱ्यात थांबलो. तू विचारलंस, "काही सांगनं शे का?" मी म्हणालो, "नाही, मोटार चुकेल." वहिनी, मोटारीला अजून पुष्कळ वेळ होता. मी फाट्यावर जाऊन धोंड्यावर बसून राहिलो.

मला वाटत होतं, नाताळला येईल. नेहमीसारखी येईल, खोकं मी स्वतः धरीन, तिला चढवीन, न बोलता सगळं नीट होईल. तू जुन्या बाजारात गेलीस हे कळलं तेव्हा त्या धक्क्यातही मी हे धरून होतो: ती माझ्याकडे येत होती. मोटारीत, बाभळीखाली, तापीवरून परत येताना, एवढंच एक धरायला होतं.

मग चाचाने बोचकं दिलं आणि म्हणाला, "मास्तर, ये भुसावल पहुंचा दो. वो बिटिया के घर जा रही थी."

मी म्हणालो, "भुसावळ? नाही चाचा, ती धुळ्याला यायची. दर वर्षी येते."

"इस साल नहीं," तो म्हणाला. "बोली, पोरीच्या सासूने बुलाया है. नया घर, नया दरवाजा. बड़ी खुश थी. मेरे को बोली, चाचा, औंदा काचा चांगल्या दे, रेल्वेवाल्यांचं घर शे."

मी तिथेच त्या गोणपाटाच्या गठ्ठ्यावर बसलो. तू टेकली होतीस त्याच.

काल भुसावळला गेलो. रूथ दारातच गळ्यात पडली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. विहीणबाई तिच्या मागे. त्यांनी बोचकं माझ्या हातातून घेतलं, दोन्ही हातांनी, जपून. मला म्हणाल्या, "मागणीला तोरण बघितलं तेव्हाच मनात होतं. लग्नानंतर रूथने सांगितलं, मोठीमाय करते म्हणून. मी म्हटलं, मग त्यांनाच बोलवू या. त्यांच्या हातचंच दाराला लागलं पाहिजे."

आणि दाराशी एक घोडी उभी होती. नव्या लाकडाची, दोन रुंद पायऱ्यांची, बाजूला धरायला कठडा. अजून रंधा मारल्याचा वास होता.

"ही कशाला?" मी विचारलं. उत्तर मला कळलं होतं. तरी विचारलं.

"मोठीमायचे गुडघे, बाबा," रूथ म्हणाली. "आईंनी सुताराकडून मुद्दाम करून घेतली. खोक्यावर चढणं तिला आता जमलं नसतं. पावसाळ्यात मी गावी गेले होते ना, तेव्हा किती लंगडत होती. मी म्हटलं, मागणीच्या दिवशी तू अशी मध्येच आत का निघून गेलीस? तर म्हणाली, गुडघा शे पोरी, बरं झालं तुना बापले दिसलं, त्यानीच माले उतरवलं."

चुलत पुतण्याने मला सांगितलं होतं, की बाजाराच्या आदल्या दिवशीही तू डोक्यावर गवताचा भारा घेऊन शेतातून चालत आलीस. फाट्यापर्यंत बोचकं घेऊन पायी गेलीस, गाडी जोडू दिली नाहीस. तू लंगडत होतीस ती फक्त माझ्या पोरीसमोर. तिच्या मनात बापाबद्दल काही येऊ नये म्हणून.

मी रूथला म्हणालो, "तिचे गुडघे दुखत नव्हते."

"म्हणजे?"

मी सांगितलं. तिथेच, दारात, विहीणबाईंसमोर. मला वाटलं होतं, अशा वेळी शब्द सापडणार नाहीत. पण ते सरळ आले. मी तुला का उतरवलं ते सांगितलं. विहीणबाईंचं नाव वर्षभर पुढे केलं ते सांगितलं. दोन मुलांचंही सांगितलं. विहीणबाई मध्येच खाली बसल्या, घोडीच्या पायरीवर. रूथ उभी होती. ती माझ्याकडे अशी पाहत होती, जसा मी पडद्याखालच्या तुझ्याकडे पाहत होतो: हे खरं नसणार.

"माझी भावंडं?" ती म्हणाली. "ती पण तिच्यावर घातलीत तुम्ही?"

मी हो म्हणालो.

"ती मला धाकट्याची गोष्ट सांगायची, बाबा. तो कसा हसायचा. तुम्ही नाही सांगितलीत कधी, आई नाही. तिने सांगितली." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तिला हे कळलं होतं?"

"कळलं असेल," मी म्हणालो. "तिला सगळं कळायचं."

रूथने सासूच्या हातातून बोचकं घेतलं. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही घरी जा. नाताळला येऊ नका. मी सांगेन तेव्हा या."

विहीणबाई उठल्या, "अगं, असं काय..." म्हणू लागल्या. मी त्यांना हाताने थांबवलं आणि निघालो. ती बरोबर बोलली होती.

स्टेशनवर गाडीला उशीर होता. फलाटावर बसून माझं मन कुठेतरी वाट बघत होतं. कुणीतरी मागून रूथकडे जाईल, तिला बाजूला घेईल, सांगेल, जाऊ दे पोरी, तुझ्या बापाला ताप असेल, तो असं बोलला असेल त्या भरात. आजवर कुणीतरी नेहमी असं करत आलं होतं. भावाकडे, गावाकडे, मार्थाकडे, पोरीकडे. शाळेतून पळालो तेव्हा, पाटी फोडली तेव्हा, धर्म बदलला तेव्हा. मला वाटायचं, लोक मला आपणहून माफ करतात. फलाटावर पहिल्यांदा कळलं, की दर वेळी माझ्याआधी तू तिथे जाऊन आलेली असायचीस.

गाडी आली तरी रूथकडून कुणी आलं नाही. माझ्यासाठी खोटं बोलणारं माणूस गेलं आहे, वहिनी.